पाटीवरची काळी अक्षरं

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर बाबांनी एक कोरी, पारदर्शक प्लास्टिकची पाटी दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवली, तिच्यावर चिमूटभर काळी भुकटी उधळली आणि हलकेच फुंकर घातली. भुकटी उडाली, मागे उरली दोन अक्षरशः अधांतरी शब्दांची ओळ : 'गोळ्या बंद'. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

संदेश तिसऱ्या रांगेतल्या सासूबाईंसाठी होता. बारा वर्षं मधुमेह आटोक्यात ठेवणारी गोळ्यांची डबी त्यांनी पर्समधून काढून सुनेच्या हातात ठेवली.

"टाकून दे."

सून झेरॉक्स मशीन दुरुस्त करायची. तिने डबी मुठीत घट्ट धरली आणि बाबांकडे लक्ष दिलं. भुकटी सातव्या आकाशातून गाळून येते, असं बाबा सांगत होते. प्रत्येकाने ती रुमालावर घ्यावी, घरी उकळत्या पाण्यात धुवावी. डाग गेला तर श्रद्धा कच्ची. भर उन्हाळ्यात गळ्यात लोकरीचा मफलर घातलेला चेला रुमालांवर चिमटीचिमटीने आकाश वाटत फिरत होता.

सुनेने भुकटी बोटांत चोळली. रोज नखांत अडकणारी ओळखीची पाहुणी. टोनर, झेरॉक्स मशीनमधली शाईची भुकटी! अंगावर सांडलं तर थंड पाणीच वापरायचं, हे ती नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी शिकवायची. गरम पाण्याने त्यातलं प्लास्टिक वितळतं आणि कापडात कायमचं बसतं. बाबांच्या राज्यात मग कुणाचीच श्रद्धा कच्ची निघायची नाही.

ती सरळ व्यासपीठावर गेली. सासूबाईंसाठी एकदा पुन्हा विचारा, म्हणाली. चेल्याने आतून दुसरी पाटी आणली. "धूळ दिसतेय," असं म्हणत तिने ती ओल्या रुमालाने पुसली आणि पंख्याखाली वाळवून परत दिली. बाबांनी भुकटी उधळली, फुंकर मारली. पाटी कोरीच राहिली.

"कुणाच्या तरी मनात किंतु आहे," बाबा म्हणाले.

"किंतु नाही, बाबा. पाणी लागलंय."

तिने चेल्याचा मफलर मागून घेतला, त्याचं टोक बोटाला गुंडाळून पाटीवर रेघा घासल्या आणि भुकटी टाकून फुंकली. वेडीवाकडी अक्षरं उमटली : 'गोळ्या घ्या'.

लोकर घासली की प्लास्टिकवर वीज साठते, तिने सांगितलं. ती दिसत नाही, पण भुकटी तिथेच चिकटते. ओल्या रुमालाने ही वीज निघून जाते. मशीनमध्येही भुकटी अशाच विजेवर बसते. तिथे अक्षरं उजेडाने काढतात, इथे चेल्याने मफलरने काढली होती.

"हात जोडण्याआधी पाटी एकदा पुसून बघा," ती लोकांना म्हणाली. "आणि औषध बंद करायचं का, ते डॉक्टरांना विचारा. पाटीला काय कळतंय?"

चेला मफलर न घेताच मागच्या दाराकडे निघाला होता. सासूबाई जागेवरून उठल्या, व्यासपीठापाशी आल्या आणि हात पुढे केला.

"दे ती डबी. दुपारची राहिलीय. आणि तुझं अक्षर सुधार जरा, बाबांचं बरं होतं."