वटवाघळाच्या पायातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. कापूस भरून वाळवलेल्या एका वटवाघळाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली. माझ्यावर तीन ओळी आहेत: जात, तारीख आणि ठिकाण. त्यातली तारीख तेवढी खरी आहे.

मला जाड कागदातून कापलं ते संग्रहालयाच्या नोंदणीबाईंनी. तेव्हा त्या नोकरीत अगदी नव्या होत्या. प्राण्यांचा अभ्यास करणारे काका महिनाभराच्या फिरतीवरून दोन पिशव्या वटवाघळं घेऊन आले होते. एक पिशवी पूर्वेच्या चुनखडीच्या डोंगरातली, दुसरी पश्चिमेच्या जंगलातली. काकांनी प्रत्येकावर नुसती तारीख टाकली होती, आणि टेबलावर सगळी एकत्र झाली.

"काका, हे कुठलं? याच्या अंगावर पांढरी धूळ आहे," बाईंनी विचारलं.

काकांना घरी जायची घाई होती. "अगं, दिसतात तर सगळी सारखीच! लिही पश्चिमेचं. एवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

बाईंचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'पश्चिमेचं जंगल'.

त्या अक्षराचं फार कौतुक झालं. "चिठ्ठी असावी तर अशी," म्हणून नव्या लोकांना मला दाखवत. मीही फुशारले. माझ्या भरवशावर वटवाघळांच्या नकाशात पश्चिमेला एक ठिपका पडला, पूर्व कोरीच राहिली. पुढे माझा खण कुणी उघडेनासं झालं. डांबरगोळ्यांच्या वासात वर्षांमागून वर्षं गेली.

मग एकदा खण उघडला. बाई आता संग्रहालयाच्या प्रमुख झाल्या होत्या. सिमेंटसाठी पूर्वेचा डोंगर फोडायचा होता. तिथे वटवाघळं किंवा दुसरे जपण्याजोगे प्राणी राहतात का, असं विचारणारं पत्र त्यांच्या हातात होतं.

"काका तेव्हा पूर्वेलाही गेले होते ना?" त्या पुटपुटल्या.

मला ओरडावंसं वाटलं. पण कागदाला लिहिलेलंच बोलता येतं. बाईंनी स्वतःचं अक्षर वाचलं, त्यावर विश्वास ठेवला आणि उत्तर लिहिलं, 'नोंद नाही.'

बाई निवृत्त झाल्यावर एक संशोधक मुलगी आली. तिने माझ्या वटवाघळाची कवटी, दात, कान मोजले आणि हरखून गेली. ही जात निराळीच होती, आजवर कुणी नाव न दिलेली! तीन वर्षं ती पश्चिमेचं जंगल पालथं घालत हिंडली. एकही सापडलं नाही. शेवटी काकांच्या घरच्यांनी त्यांची फिरतीची वही शोधून दिली. माझ्यावरच्या तारखेला काका पूर्वेच्या डोंगरातल्या एका गुहेत होते.

तिने बाईंना बोलावून घेतलं. "मावशी, ही तारीख बघा. ती गुहा बघायला कधी जाऊ या?"

बाईंनी वही वाचली, मग मला वाचलं. "गुहा राहिली नाही गं, डोंगरच फोडला. तिथे कशाची नोंद नाही, असं मीच लिहून दिलं होतं." वही मिटून त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं काकांना. पण एकदाच. दुसऱ्यांदा विचारायला संकोचले."

नवी चिठ्ठी बाईंनीच लिहिली. जात: नवी; ठिकाण: फक्त पूर्वेचा डोंगर. जुनी चिठ्ठी काढायची नाही असा इथला नियम आहे, म्हणून मी तिच्याशेजारी अजून लटकते आहे.

मित्रांनो, कुणी कितीही घाई केली, तरी ठाऊक नसलेलं लिहू नका. 'ठाऊक नाही' एवढं लिहायला माझ्यावर भरपूर जागा होती.