डबा आणि बुटाची नाडी

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना बिस्किटांचा डबा. माझ्या झाकणावर दगडी पूल आणि बदकांचं तळं आहे. पोचे पडून पडून बदकं आता दोनच उरलीत. जन्म इंग्लंडचा, मुक्काम पनवेल, तिसरा मजला, फ्रीजच्या डोक्यावर.

तिकडच्या एका खेड्यात डॉक्टर कमलाकर नोकरीला होते. नाताळात कुणा पेशंटने मला त्यांच्या हाती ठेवलं. बिस्किटं आठवड्यात फस्त झाली आणि मी त्यांच्या सहा वर्षांच्या रुचिराची तिजोरी झालो.

तिच्या शाळेच्या वाटेवर एक भलंमोठं झाड होतं. ऑक्टोबरात त्याची तपकिरी, गुळगुळीत फळं टपाटप पडत. मुलं त्यांना कॉन्कर म्हणत. फळाला भोक पाडून दोरीत ओवायचं आणि दुसऱ्याच्या फळावर हाणायचं; ज्याचं फुटेल तो हरला. एकदा रुचिराकडे दोरी नव्हती. बाबांनी तिथेच खाली बसून आपल्या बुटाची काळी नाडी काढून दिली आणि फताक फताक पाय ओढत दवाखान्यात गेले. त्या दिवशी रुचिराने पाच जणांना हरवलं. नाडीसकट ते फळ माझ्यात आलं, मागोमाग आणखी वीसेक आली.

अकराव्या वर्षी ती पनवेलला आली. इथल्या शाळेत पोरं तिच्या मराठीला हसत, तेव्हा ती मला मांडीवर घेऊन बसायची. पुढे कॉलेज, नोकरी. मी फ्रीजवर चढलो. तक्रार नाही, पत्र्याला काय वाटायचं?

यंदा श्रावणात बाबा गेले. रुचिरा रडली नाही. ऑफिसला जायची, यायची, ताटात पडेल ते जेवायची. रोज एकदा मात्र मला उघडून ती नाडी बोटाला गुंडाळायची. बाबांचं तेवढंच तिला हवं होतं.

माणूस गेल्याच्या वर्षी दिवाळीला घरात कढई चढत नाही, फराळ शेजारचे देतात. ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी राहिली त्या शकूमावशी फराळ भरून द्यायला डबा मागायला आल्या. रुचिराची आई, सुनंदा, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "फ्रीजवरचा घ्या." आत काय आहे ते तिने बघितलंच नाही.

शकूमावशींनी घरी नेऊन झाकण काढलं. "कवरं मोठं रिठं जमवलंय वयनीनी," म्हणत त्यांनी फळं फोडली आणि पातेल्यात उकळत टाकली. फेससुद्धा आला! मी बघत होतो, पण सांगणार कसा?

संध्याकाळी माझ्यात चकल्या भरून त्या पातेलं आणि मला घेऊन वर आल्या. "पोरी, तुमचं रिठं उकळून आनलंय. डोई धू. डब्याचं झाकन ढिलं हाय, म्हनून आतल्याच नाडीनं बांधलंय. टाकली नाय मी."

सुनंदाचा चेहरा पडला. रुचिरा पातेल्यात बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं, मावशी." आवाज कोरडाच होता.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच पाण्याने केस धुतले. माझी गाठ सोडली, नाडीने ओले केस बांधले आणि तशीच ओट्याशी उभी राहिली.

"बाबा त्या दिवशी नाडीशिवायच गेले होते," ती म्हणाली.

"एकच दिवस कुठे?" सुनंदा म्हणाली. "आठवडाभर बुटाला सुतळी बांधून फिरले. मी म्हटलं, मागून घ्या की तिच्याकडून. तर म्हणाले, ती जिंकतेय, राहू दे."

तेव्हा रुचिरा रडली. बराच वेळ.

मित्रांनो, कुणाचाही जुना डबा देण्याघेण्याआधी झाकण उघडा आणि आतल्या वस्तू कुणाच्या, ते विचारा. पत्र्याला काय वाटायचं, असं मी मघाशी म्हणालो ना? ते मागे घेतो. माझ्यात आता चकल्या आहेत, आणि त्या संपल्या की नाडी परत माझ्याकडे येणार आहे.