काहीच न लावल्यासारखं

माझं आणि थोरल्या जाऊबाईंचं कधीच पटलं नाही. माझं पार्लर म्हणजे त्यांच्या लेखी 'थोबाडं रंगवायचं दुकान'. मोठे दीर गेल्यापासून त्या एकट्याच राहायच्या. डॉक्टरांनी हात टेकले, अंगावर पिवळेपणा चढला, तेव्हा बाईंनी बोलावणं धाडलं ते मात्र मलाच.

"मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. माझा चेहरा जरा सारखा करून दे. पण रंगवू नकोस हं, काहीच लावलेलं नाही असं दिसलं पाहिजे."

"त्याला खरं सांगून टाका ना, ताई."

"परदेशात नवी नोकरी आहे त्याची. पक्की व्हायच्या आत सोडून आला तर गेलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

अशा कामाला कातडीच्या रंगात मिसळून पिवळेपणा झाकणारं बीबी क्रीमच हवं. औषधांनी त्यांची कातडी कोरडी ठाक पडली होती. जाड फाउंडेशनने पापुद्रे उठून दिसले असते. ओलावा धरणारं क्रीम मी बोटांवर कोमट करायची. चोळायचं नाही, नुसतं थोपटायचं, गालांपासून मानेपर्यंत. मग खिडकीच्या उजेडात बघायचं. मुलगा म्हणायचा, "आई, काय तजेला आलाय तुला!" आणि फोनमागे उभी राहून मी माझ्याच हातांवर चिडायची.

दर रविवारी क्रीम जास्त लागायला लागलं. शेवटी माझं डोकंच फिरलं. पोराची आणि आईची भेट होते की नाही अशी वेळ, आणि ही बाई नोकरीचंच तुणतुणं वाजवतेय! त्या रविवारी मी त्यांचा चष्मा बाजूला ठेवला आणि नुसतं पांढरं मॉइश्चरायझर थोपटलं.

फोन लागला. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "छान दिसतेस गं आई." आवाज पार बसला होता. तासाभरात मला त्याचा मेसेज आला, "काकू, मी निघतोय."

तो पोचणार त्या सकाळी मी त्यांचा चेहरा पुसत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "रविवारी लावलंस ते दुसरंच होतं. वास वेगळा होता."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याला ये म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. तू केलंस, बरं झालं."

"म्हणजे वेड पांघरून पेडगावला गेलात! धन्य आहे बाई तुमची!"

आम्ही हसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघी एकत्र हसलो, आणि मला रडूच फुटलं.

"आज मात्र चांगलं लाव," त्या म्हणाल्या. "पोर घाबरायला नको."

जीव ओतून लावलं. कपाळ, गाल, कानांच्या पाळ्या. हनुवटीशी पोचले तर श्वास थांबलेला. मी हाका मारल्या, हलवून बघितलं. मग तेवढी हनुवटी पुरी केली. त्यांनी सांगितलं होतं ना.

त्याला फोन करायचा धीर झाला नाही. थोड्याच वेळात दार वाजलं. तो आत आला, आईकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू फुललं. त्याने बॅग अलगद खाली ठेवली, ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू दे, काकू. मी उगाच घाबरलो. किती बरी दिसतेय!"

आवाज न करता खुर्ची उचलून आणून तो आईच्या उशाशी बसला. सांगायला घरात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.