गाठ आणि निनावी पत्र

१९८६ साली मी मरायला निघालो होतो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं.

मी व्हॅलेरियन, गास गावचा. शाळेत मराठी शिकवायचो. पोटात दुखतं म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. पोटात काही निघालं नाही, पण उजव्या मूत्रपिंडावर अडीच सेंटिमीटरची एक पांढरी गाठ दिसली. "बहुधा साधी असेल," डॉक्टर म्हणाले, "पण मुंबईला जाऊन सीटी स्कॅन करून घ्या." मला त्यातलं फक्त 'गाठ' ऐकू आलं. स्कॅनची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली.

त्या दहा दिवसांत मी फार थोर झालो. बायकोशी, क्लेमेंटीनशी, हळू आवाजात बोलू लागलो. केळीच्या बागेत उगाच उभा राहू लागलो. माझ्या दफनविधीला गावातला कोणीतरी अशुद्ध मराठीत बोलेल, या धास्तीने श्रद्धांजलीचं भाषण मीच लिहून ठेवलं. त्यात 'विद्यार्थीप्रिय' हा शब्द दोनदा आला होता. विनयाखातर मी एक खोडला.

क्लेमेंटीनला ते कागद उशीखाली सापडले. तिने शांतपणे वाचले आणि विचारलं, "हे कोणाबद्दल आहे?"

मन मोकळं करायचं म्हणून मी शेजारच्या हिलरीकडेही गेलो. हिलरी गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. नऊ वर्षांपूर्वी चर्चच्या सणात लोकांनी त्याच्या वाजवण्याला टाळ्या दिल्या आणि माझं भाषण मध्येच थांबवलं. त्याच आठवड्यात मी फादरना निनावी पत्र लिहिलं, की हिलरीचं क्लॅरिनेट कर्कश वाजतं आणि प्रार्थनेत मन लागत नाही. पुढची दोन वर्षं त्याला चर्चमध्ये कोणी वाजवायला बोलावलं नाही.

तो ओट्यावर पडवळ चिरत होता. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "फादरनी पत्र दाखवलं होतं. अख्ख्या गावात शुद्धलेखनाची एकही चूक न करता शिव्या कोण देणार?"

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीस?"

"तू कधी सांगतोस ते बघत होतो." त्याने सुरी पुसली. "मुंबईला एकटा जाणार आहेस का?"

तो माझ्याबरोबर आला.

स्कॅनच्या यंत्रात मला आडवं सरकवलं. आतून एक आवाज सांगायचा, श्वास घ्या, रोखा, सोडा. मी इतक्या निष्ठेने श्वास रोखला, की 'सोडा' ऐकायचं राहिलं आणि तंत्रज्ञ बाई धावत आल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मूत्रपिंडावर काळा डाग होता. मी मान खाली घातली.

"वर बघा, मास्तर. इथे काळं दिसतंय तेच चांगलं. ही चरबी आहे. कॅन्सरच्या गाठीत सहसा अशी चरबी नसते. ऑपरेशन नको, वर्षातून एकदा सोनोग्राफी करा."

बाहेर हिलरी बाकावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि रडलो, आणि त्यातच हेही वाटून गेलं की श्रद्धांजलीचं भाषण बरं जमलं होतं.

"काय निघालं?" त्याने विचारलं.

"चरबी."

त्याने आपला रुमाल माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "तुझ्यात चरबी आहे हे मी त्यांना फुकटात सांगितलं असतं. नेमकी कुठे आहे, तेवढं कळत नव्हतं."

घरी आलो तेव्हा क्लेमेंटीन दारातच उभी होती. मी सांगितल्यावर ती आत गेली आणि कितीतरी वेळ चुलीशी पाठमोरी बसून राहिली. दहा दिवसांत ती काय सोसत होती, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा विचारलं.