जुन्या पत्त्यांचा राखणदार

मित्रांनो, इस्पितळात येताना तुम्ही माझ्यावरूनच जाता, पण मी तुम्हाला दिसत नाही. रक्तपेढीला लागून जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. त्यात दुसऱ्या फळीवर मी, एक जुना फायरवॉल, बसलेला असतो. चपटी काळी पेटी, कपाळावर चार हिरवे दिवे. इस्पितळातली सारी यंत्रे माझ्या पाठीशी आणि सगळे इंटरनेट माझ्या पुढ्यात. येणाऱ्या प्रत्येक निरोपाला मी विचारतो, कुठून आलास, कुणाकडे निघालास?

कारखान्यात मला तापवले, गारठवले, खोटे हल्ले करून माझी परीक्षा घेतली. इथे आलो तेव्हा तारांची कामे पाहणाऱ्या वायरदादांनी माझ्यात नियमांची वही लिहिली. तिची शेवटची ओळ सर्वांत मोलाची होती : वर ज्याचे नाव नाही, त्याला आत सोडू नये. अकरा वर्षे मी ती ओळ पाळली. एकदा आसपासच्या कार्यालयांत व्हायरस शिरला, पण आमची यंत्रे ठणठणीत राहिली. “गडी खमका आहे,” म्हणत वायरदादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे कौतुक ओसरले. अंगावर धूळ साचली, डोक्यावर सुट्या स्क्रूंचा डबा आला.

आणि मग इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याची नवी पद्धत आली. जुन्या पद्धतीचे पत्ते जगाला पुरेनासे झाले होते. आमची सगळी यंत्रे माझ्या एकाच पत्त्याआड नांदत. बाहेरच्याला आतले कुणी वेगळे दिसत नसे. नव्या पद्धतीत पत्ते इतके उदंड, की प्रत्येक यंत्राला स्वतःचा, थेट बाहेरून गाठता येईल असा.

वायरदादांनी माझ्या सेटिंगमध्ये एक खूण केली आणि नवी पद्धत चालू झाली. जुनी वहीच तिलाही लागू होईल, असे ते धरून चालले. पण नव्या पत्त्यांसाठी माझ्या पोटात वेगळी वही होती, आणि ती कोरी होती. कोऱ्या वहीचा अर्थ मला एवढाच शिकवला होता : कुणालाही अडवायचे नाही. मी पडलो हुकमाचा ताबेदार.

त्याच महिन्यात रक्तपेढीत नवा फ्रिज आला. इंटरनेटची तार जोडताच त्याने आपण होऊन नवा पत्ता घेतला. घरातलाच म्हणून त्याला पासवर्डही कुणी घातला नव्हता.

एके सकाळी रक्तपेढी सांभाळणाऱ्या मावशी माझ्या कपाटापाशी आल्या.

“वायरदादा, फ्रिजची घंटा सहा डिग्रीला वाजायला हवी. आज ती चाळीसवर लावलेली आहे. तुम्ही हात लावलात?”

“मी कशाला लावू? मावशी, तुमच्याच बोटानं झालं असेल.”

“माझी बोटं तीस वर्षं पिशव्या हाताळतायत. अशी वाट चुकत नाहीत ती.”

मावशींनी आपला काचेचा थर्मामीटर आत ठेवून पाहिला होता. चार डिग्री; रक्त सुखरूप होते. पण दुपारी बाराला एका बाळंतिणीचे ऑपरेशन होते. तिच्या दुर्मिळ गटाच्या तीनच पिशव्या त्या फ्रिजमध्ये होत्या, आणि गावात चौथी नव्हती.

“घंटा बदलणारा उद्या थंडीच बंद करील,” मावशी म्हणाल्या.

वायरदादांनी माझी नोंद उघडली. “सगळं साफ आहे. बाहेरून कुणी आलेलं नाही.”

जुनी नोंद साफच होती. नव्या वाटेची नोंद ठेव, असे मला कुणी सांगितलेच नव्हते.

“पेटीला दिसतं ते तुम्ही बघता,” मावशी म्हणाल्या. “तिला दिसत नाही ते कोण बघणार?”

वायरदादांनी नोंद मिटली. मग त्यांनी फ्रिजचा पत्ता तपासला, तो नवा निघाला. त्यांनी दुसऱ्या गावातल्या आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“ताई, कॉम्प्युटरवर एक पत्ता टाइप कर.”

“भाजी चिरतेय रे. बरं, सांग.” बराच वेळ ती टाइप करत राहिली. “संपतोय की नाही हा पत्ता? बोट दुखलं माझं.”

“झालं. आता काय दिसतंय?”

“तुमचा फ्रिज. चार डिग्री. खाली बटण आहे, थंडी बंद. दाबू?”

“हातसुद्धा लावू नकोस.”

त्यांनी आधी फ्रिजची इंटरनेटची तार उपटली. थंडी विजेवर चालते, तिला या तारेची गरज नव्हती. मग माझ्या कोऱ्या वहीत सर्वांत आधी ती शेवटची ओळ लिहिली. तार पुन्हा जोडली.

“ताई, आता?”

“नुसतं गोल फिरतंय. काही येत नाही.”

घंटा पुन्हा सहावर आली, फ्रिजला पासवर्ड मिळाला. शोधता शोधता नवा पत्ता घेऊन बसलेली आणखी नऊ यंत्रे सापडली. साडेअकराला मावशी तीन पिशव्या घेऊन जिना चढल्या. चार वाजता परतल्या तेव्हा म्हणाल्या, “बाई शुद्धीवर आली. बाळाला मागतेय.” घंटेला हात लावणारा कोण होता, ते मात्र कळलेच नाही.

मित्रांनो, नव्या पद्धतीला भिऊ नका, ती चांगली आहे. पण नवे दार बसवाल, त्याच दिवशी त्याचा पहारा लिहा. आणि सगळे ठीक आहे का, हे एकट्या मला विचारू नका. मला जेवढे शिकवले, तेवढेच मी सांगतो. बाहेरच्या आपल्या माणसालाही दार ढकलून पाहायला सांगा.

आता दर महिन्याला ताई दूरवरून ते दार ढकलते. तो धक्का मी ओळखतो, आणि तिलासुद्धा आत सोडत नाही.