बत्तीस यंत्रांची पंगत

नीरजचं बोट एन्टरवर टेकणार, तेवढ्यात भाऊसाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

“सर, साडेतीन झालेत. नोएडाचा जॉब किल करू द्या ना, मध्येच थांबवतो. आता बिल्कुल टाइम नाहीये.”

“नको.”

वेळ भाऊसाहेबांनाही कळत होती. धुक्याचा अंदाज संध्याकाळी पाचच्या आत विमानतळावर जायला हवा होता आणि त्याचं गणित दोन वाजल्यापासून दारात ताटकळत उभं होतं. दिल्लीच्या हवामान संस्थेतल्या या खोलीतली बत्तीसच्या बत्तीस यंत्रं नोएडाच्या कामात गुंतली होती. दहा वर्षांपूर्वी साधे ऑफिसातले कॉम्प्युटर तारांनी एकत्र बांधून भाऊसाहेबांनी त्यांचं एक मोठं यंत्र केलं होतं, प्रत्येकावर ऑइलपेंटनं स्वतः आकडा घातला होता. कोणी भेटायला आलं की लोक मुलाची मार्कशीट दाखवतात तसे ते ही खोली दाखवत.

यमुनेपलीकडे, मेट्रो नुकतीच पोचलेल्या नोएडात, त्यांच्याच संस्थेची काचेची नवी इमारत झाली होती. तिथं यंत्रं चारशे. डिसेंबरात संचालकांनी फर्मान काढलं, की दोन्ही जागा जोडा, कामांची रांग एकच करा. ज्याच्याकडे जागा असेल त्यानं दुसऱ्याचं काम करावं. मात्र घरचं काम आलं, की पाहुण्याचं काम उठवायचं. जानेवारीचा महिना परीक्षेचा. धुक्याचा अंदाज एकदा जरी उशिरा गेला, तरी बत्तीस यंत्रं लिलावात काढायची आणि सगळं नोएडाला हलवायचं.

सहा तारखेच्या बैठकीला नोएडाची प्रमुख क्षिप्रा दिघे आली होती. उज्जैनची मराठी मुलगी, तिशीची. यंत्रांची यादी वाचून तिनं एवढंच विचारलं होतं, “सर, बत्तीसच?”

ते भाऊसाहेबांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या बाजूचा नियम उलटा फिरवला: पहिला मान पाहुण्यांच्या कामाचा, घरचं मागून. यंत्रं बत्तीस असोत की दोन, पानावर बसलेल्या पाहुण्याला उठवून घरच्यांना वाढायची रीत त्यांच्या आईनं काही शिकवली नव्हती. ही गोष्ट एकट्या नीरजला ठाऊक होती. तीन आठवडे भाऊसाहेब मनातल्या मनात ताठ मानेनं हिंडत होते.

आज नोएडाचं काम असं अवाढव्य निघालं, की त्यांची चारशे भरून उरलेलं इकडे सांडलं. तिकडे जागा मागण्यात अर्थच नव्हता.

“पाहुणचार ठीक आहे सर,” नीरज म्हणाला, “पण ते लोक आपल्यासाठी असं करतील?”

“ते त्यांनी बघावं.”

म्हणाले खरे, पण उठून ते सतरा नंबरच्या यंत्रापाशी गेले आणि त्याच्या गरम पाठीवर हात ठेवून उभे राहिले. कबाडीवाला हे तराजूत कसं टाकेल, ते डोळ्यांसमोर येत होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. भाऊसाहेबांना भीती वाटली, चांगलीच वाटली.

चारच्या सुमारास त्यांचा धीर सुटला. नीरजला उठवून ते स्वतः खुर्चीत बसले आणि पाहुण्यांना बाहेर काढायची ओळ टाइप केली. एन्टर दाबण्याआधी सवयीनं रांग पाहिली, तर धुक्याचं काम रांगेत नव्हतंच. ते तयार होऊन फोल्डरात पडलं होतं, नकाशासकट. करणाऱ्याचं नाव होतं नोएडा. इथं तासभर लागणारं काम तिथं चौदा मिनिटांत उरकलं होतं.

नीरजनं घाईघाईनं अंदाज विमानतळावर पाठवला. भाऊसाहेबांनी नोएडाच्या नियमांची फाईल उघडली. त्यांच्या स्वतःच्या फाईलीतली ओळ तिथंही होती: पहिला मान पाहुण्यांच्या कामाचा. म्हणूनच तिथली काही यंत्रं मोकळी होताच त्यांनी घरच्या उरलेल्या कामाआधी धुक्याचं काम उचललं होतं. भाऊसाहेबांच्या ओळीवर तारीख होती सात जानेवारी. या ओळीवर होती चार, बैठकीच्या दोन दिवस आधीची.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तारीख चारच होती.

मग त्यांनी फोन लावला.

“क्षिप्रा, मी भाऊसाहेब. तुमचं स्वतःचं काम अडलंय ना अजून?”

“होईल सर उद्यापर्यंत. तुमचा अंदाज वेळेत गेला?”

“गेला.”

तारखेबद्दल विचारावं असं फार मनात आलं. पण तेवढ्यात नजर पडद्याकडे गेली. मघाशी टाइप केलेली ओळ तशीच होती. फोन कानाशी धरून दुसऱ्या हातानं त्यांनी ती एकेक अक्षर करत पुसली.

“उरलेलं सगळं इकडे पाठवा,” ते म्हणाले. “बत्तीस आहेत आपल्याकडे.”