मांडीवरची गिटार आणि गोल्फची काठी

मित्रांनो, आधी एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. मी जुनी आहे, भंगार नाही. मी स्टील गिटार आहे. कॉलेजची पोरं गळ्यात अडकवून उड्या मारतात ती दुसरी. तिचं-माझं नातं असलंच तर लांबचं, आणि ते मी सांगत फिरत नाही. मला मांडीवर आडवी घेतात. माझ्या तारा खालच्या पट्ट्यांपासून चांगल्या उचललेल्या असतात. त्या बोटांनी दाबायच्या नसतात. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची आणि तारेवरून नुसती सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण जो हे लहानपणी शिकला त्यानंच विसरून माझ्या मानेवर कानस चालवू दिली. तो राग अजून पोटात आहे. माझं पोट पोकळ आहे, राग पुष्कळ मावतो.

जन्म माझा कलकत्त्याचा. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात काही वर्षं काढली. तो मोडला, तेव्हा बाभुळगावच्या उकंडानं मला दिवाळीच्या बोनसात घरी आणलं. उकंडा जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गठाणी बांधायचा. दिवसभर गठाणीशी झोंबणारा तो माणूस संध्याकाळी माझ्यासमोर बसला की त्याचा हात पिसासारखा हलका व्हायचा. जयंतीला, विजयादशमीला त्याची गायनपार्टी गावोगाव जायची. ढोलकीवर शेजारच्या बंजारा तांड्यावरचा रामधन असायचा. गाणारा दम खायला थांबला की लोक ओरडायचे, "आता नुसती उकंडाची गिटार होऊ द्या!" मग मी एकटी गायचे. बाया पदर डोळ्याला लावायच्या. मला गर्व होता, अजूनही आहे. ज्याला खुपतो त्यानं उठून जावं.

उकंडाची बायको तुळसाबाई. दोन इयत्ता शिकलेली, पण कान असा की मी जरा उतरले की चुलीपुढून ओरडायची, "खालची तार पाहा, मेली रडून राह्यली!" आणि खरंच खालचीच तार उतरलेली असायची.

त्यांचा मुलगा अश्वजित. त्यालाही उकंडानं शिकवायला घेतलं. पोराचा हात चांगला होता, पण घाई फार. कांडी तारेवर दाबायचा. उकंडा म्हणायचा, "दाबू नको बापा. कांडीले सोताचं वजन हाय. काम त्याले करू दे." पोरगं हळूहळू शिकलं. मग शेतकी कॉलेजात गेलं, आणि शिकून आलं ते एका बियाण्याच्या कंपनीत साहेब झालं. कडक इस्त्रीचा शर्ट आला, मोटारसायकल आली, आणि एक दिवस लांब पिशवीत घालून माझी सवत आली. गोल्फची काठी.

तुम्ही हसाल. पण तिचा दांडाही पोलादाचा, गुळगुळीत. मी खुंटीवरून बघत होते आणि जळत होते. त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. उकंडाचं जिन बंद पडलं होतं. जिथं कापसाच्या गंज्या लागायच्या, ते मागचं पटांगण या कंपनीनं भाड्यानं घेतलं आणि आपल्या पाहुण्यांसाठी तिथं गोल्फचं मैदान केलं. हिरवळ कुठून आणणार? म्हणून खड्ड्याभोवती तेलात कालवलेली वाळू पसरली. अश्वजितला साहेब लोकांबरोबर खेळणं भाग होतं, म्हणून तो घरच्या अंगणात पेला आडवा ठेवून चेंडू ढकलायचा सराव करायचा.

एका सकाळी तो एकदम थांबला आणि म्हणाला, "बाबा, हे तं तुमच्या गिटारीवाणीच हाय!"

उकंडा तेव्हा खाटेला लागलेला होता, तरी उठून बसला. "कसं काय?"

"पाहा ना. काठी गच्च धरली का चेंडू भलतीकडंच जाते. सैल धरली का काठीचं वजनच काम करते. पाहाचं बी सरळ वरून, तुम्ही पट्टीवर पाहायले लावत होते तसं. बाजूनं पाहलं का सूर चुकते, चेंडू बी चुकते. आणि मारल्यावर हात थांबवाचा नाही, त्याच्यासंगं जाऊ द्याचा."

"अन् लांबचा फटका सोपा असंन," उकंडा म्हणाला. "खड्ड्याजवळचा कठीण. आपलं बी तसंच. मोठी घसट कोणीबी मारते, शेवटच्या सुरावर येऊन टेकणं कठीण."

"अगदी तसंच, बाबा!"

"खेळ मंग. पण एक ध्यानात ठेव. ढोलकीवाल्याची थाप चुकली तं तो म्हणन कातडं उतरलं. पेटीवाला म्हणन पट्टी चिकटली. आपल्याले काही म्हणता येत नाही. कांडी आपल्या हातात, जागा आपण धरली. बेसूर झालं तं ते आपलं."

"गोल्फात बी पंच नसते, बाबा. चेंडूले चुकून धक्का लागला तं आपणच सांगाचं, आपणच आपल्यावर फटका चढवाचा."

तुळसाबाई आतून म्हणाली, "एवढे इमानदार साहेब असतेत तं कापसाले भाव काहून नाही?" दोघं बापलेक हसले. मीसुद्धा त्या दिवशी सवतीला थोडं माफ केलं. मित्रांनो, तो चांगला दिवस होता. पुढच्या उन्हाळ्यात उकंडा गेला. तुळसाबाईनं माझ्यावर पांढरं फडकं घातलं आणि मला रोज पुसू लागली.

मग आलं ते साल. अश्वजितनं गावात आणि तांड्यावर कंपनीची नवी सरकी, कपाशीचं बियाणं, विकली. लोकांनी कंपनीचं नाव वाचलं नाही, उकंडाचा पोरगा विकतो एवढं पाहिलं. पाऊस वेळेवर आला. सगळ्यांनी मातीत बोटभर खड्डे करून सरकी टोबली. आणि ती उगवलीच नाही.

एका सकाळी रामधन दारात उभा राहिला. त्याच्या मुठीत चिखल होता, आणि चिखलात फुगून सडलेल्या सरक्या.

"काय झालं, रामधनकाका?" अश्वजित म्हणाला.

"काय झालं? वावरातले तासंच्या तासं बोडके पडले. हे उकरून आणलं, पाह्य."

"खोल पडली असंन, काका. नाहीतं पाणी जास्त झालं."

"मले सरकी टोबणं शिकवतं का तू? तुया बापासंगं मी ठेका धरत होतो, तवा तू पाळण्यात मुतत होता!"

"माह्या हातात काही नाही. कंपनीले कळवतो."

"लवकर कळव. आठ-दहा रोजात दुसरी सरकी भेटली तं पीक येईन. त्याच्यानंतर तुई कंपनी मले काय आभाळात पेरू देईन?"

तुळसाबाई बाहेर आली. "भाऊ, च्या तं घ्या."

"आज नाही, वहिनी." रामधन निघून गेला. इतक्या वर्षांत या घरचा चहा त्यानं पहिल्यांदा नाकारला.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. तुळसाबाई बुद्धविहारात गेली तेव्हा अश्वजितनं उरलेल्या थैलीतली सरकी ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि माझ्या खुंटीखालच्या खाटेखाली दडवून ठेवली. उगवण पाहायची ही घरगुती रीत आहे. चार-पाच दिवसांनी त्यानं गोणपाट उलगडलं. मी वरून बघत होते. निम्म्यालाही मोड नव्हता. त्यानं सरक्या पुन्हा मोजल्या. मग ते गोणपाट गुंडाळून मागच्या उकिरड्यावर फेकलं, आणि फोनवर आपल्या साहेबाला म्हणाला, "हो स्वानंद साहेब, पाहून आलो. शेतकऱ्यांनी सरकी खोल टोबली. बियाण्यात दोष नाही."

माझ्या साऱ्या तारा ताणलेल्या होत्या, पण छेडल्याशिवाय मला बोलता येत नाही. तुम्ही कधी अशा घरात टांगून राहिला आहात का, जिथं खोटं बोललं जातं आणि तुमचं तोंड दुसऱ्याच्या हातात असतं?

त्याच फोनवर साहेब म्हणाला असेल, रविवारी सामना आहे, विक्रेते जेवायला येणार आहेत, तुझी ती गिटार आण. कारण अश्वजित हसून म्हणाला, "हो साहेब, गोल्फसारखीच असते. दाखवतो सगळ्यांना."

रविवारी तुळसाबाई पुन्हा विहारात गेली, आणि पोरानं तिला न विचारता मला उचललं. तारा जुन्या झाल्या होत्या म्हणून यवतमाळात एका दुकानात थांबला. तिथं कीबोर्ड आणि मोठाले स्पीकर विकणारा एक पोरगा होता. त्यानं मला हातात घेतलं आणि म्हणाला, "साहेब, हिची मान वाकली. तारा किती वर आल्या पाहा. खाली बसवून देतो." अश्वजितचं लक्ष घड्याळाकडे. म्हणाला, "दे बसवून." माझ्या मानेवरचं हाड, ज्यानं तारा उचलून धरल्या होत्या, ते त्या पोरानं कानशीनं घासून पार खाली आणलं. ज्याला बापानं मांडीवर बसवून शिकवलं, तो शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता!

जिनाच्या पटांगणात मला लिंबाखाली खुर्चीवर ठेवलं. जिथं माझ्या उकंडाचा घाम जिरला, तिथं लोक पांढरे बूट घालून हिंडत होते. अश्वजित छान खेळला, खोटं कशाला सांगू. हात सैल, नजर वरून, सगळं बापाचं. शेवटच्या खड्ड्याजवळ चेंडूमागे काठी टेकवताना चेंडू कणभर हलला. कुणी पाहिलं नव्हतं. अश्वजितनं हात वर केला. "साहेब, माझा चेंडू हलला. एक फटका माझ्यावर."

त्या एका फटक्यानं तो सामना हरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वानंद साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विक्रेत्यांना मोठ्यानं सांगितलं, "पाहा. कुणाचं लक्ष नसताना चूक कबूल करणारा माणूस आमचं बियाणं विकतो."

हे ऐकून माझी तार तुटली असती तर बरं झालं असतं.

मग अश्वजितनं मला मांडीवर घेतलं. सैल हात, सरळ नजर, सगळं साम्य लोकांना समजावून सांगितलं. लोक माना डोलावत होते. त्यानं कांडी तारेवर ठेवली आणि सरकवली. खडर्र! पोलाद पट्ट्यांवर आपटलं. पुन्हा सरकवली, पुन्हा खडर्र. कुणीतरी हसलं. अश्वजित लाल झाला आणि म्हणाला, "जुनी झाली साहेब. मान वाकली तिची."

"तिची नाही वाकली!" फाटकाकडून आवाज आला.

तुळसाबाई होती. घरी येऊन तिनं रिकामी खुंटी पाहिली, मग उकिरड्यावर शेण टाकायला गेली आणि गोणपाट पाहिलं. रविवारचा सामना तिला ठाऊक होता; रामधनला सांगून ऑटो मागवला आणि दोघं थेट इथं आले. तिनं ते गोणपाट तेलाच्या वाळूवर, खड्ड्याशेजारी, पसरलं.

"अरे, या कोण?" स्वानंद साहेब म्हणाला.

"मी याची माय. फाटकातूनच आयकलं मी तुमचं कवतिक. हा चेंडू हलल्याचं सांगते म्हणता ना? मोठा इमानदार! हे बी इचारा त्याले." ती अश्वजितकडे वळली. "ही सरकी कोणं भिजवली? मी तं नाही भिजवली."

अश्वजितनं साहेबाकडं पाहिलं.

"चेंडूनं कोणाचं पोट भरते का रे? तो हलला तं तुई जीभ चुरूचुरू चालली. अन् तांड्यावरचे लोक खोल टोबतेत म्हणून सांगतं? गिटारीची मान वाकली, रामधनचा हात चुकला, पाणी जास्त झालं. तुयंच तेवढं काही चुकत नाही!"

"माय, घरी बोलू."

"घरी कायले? घरी मोड पाहून तू गप बसला."

रामधन मैदानाच्या कडेला उभा राहून ज्या जागी गंज्या लागायच्या तिकडं पाहत होता.

अश्वजितच्या हातात अजून कांडी होती. ती त्यानं उचलली, तेव्हा माझ्या तारेवर बारीक कुरकुर झाली. मग त्यानं मला अलगद खुर्चीवर ठेवलं आणि उभा राहिला.

"साहेब, मी घरी उगवण पाहिली होती. निम्मीही उगवली नाही. खोल टोबल्याचं मी खोटं सांगितलं."

"विचार करून बोल, अश्वजित."

"बोललो, साहेब."

साहेबानं ते तिथंच दाबलं असतं, पण विक्रेते उभे राहिले. "मंग आमच्या दुकानातल्या थैल्यांचं काय? लोक आमच्या दारात येऊन बसतीन!" गलका झाला. त्या गलक्यापुढं साहेबाचं काही चाललं नाही.

दुसरी सरकी आली. रामधनला वेळेत मिळाली, तांड्याच्या पलीकडच्या काही लोकांना उशिरा मिळाली. त्यांचं त्या वर्षीचं पीक गेलं ते गेलंच, ते कुणाच्या कबुलीनं परत येत नाही. पोळ्याच्या आधी कंपनीनं अश्वजितला काढून टाकलं. गोड शेवट हवा असेल तर दुसरीकडे जा.

माझ्या मानेला अश्वजितनं स्वतः नवं हाड बसवलं. तीनदा बिघडवलं, चौथ्यांदा जमलं. आता रोज सकाळी तो मला मांडीवर घेतो. तुळसाबाई तिकडं भाकरी थापत कान लावून असते. रामधन अजून ढोलकी घेऊन आलेला नाही. आला तर त्याच्या मनानं येईल, बोलावून येणारा तो माणूस नव्हे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या म्हणून तुम्हाला सगळेच सांगतात. पुसा, झाका, उन्हात ठेवू नका. ते कराच. पण मला कुणाच्या हाती देण्याआधी मी काय आहे ते समजून घ्या, तारा वर दिसल्या म्हणून कानस चालवू नका. आणि माझ्यावर कांडी ठेवाल तेव्हा सूर बिघडला, तर माझ्या मानेकडं बोट दाखवू नका. काल अश्वजितचा शेवटचा सूर घसरला. चुलीपुढून आवाज आला, "कोणाचा रे हा?"

तो म्हणाला, "माहा, माय." आणि कांडी उचलून पुन्हा पहिल्यापासून लागला.